डिजिटल शाळेचा बोर्ड आणि आतला वर्ग

परवा शिक्षकांच्या एका ग्रुपवर परत तोच वाद रंगला, वर्गात टीव्ही-मोबाईल हवा की नको. एक पार्टी म्हणते पोरं बिघडली, आपला खडू-फळाच बरा, दुसरी म्हणते जग कुठं चाललंय आणि तुम्ही कुठं बसलाय. मला दोघांचंही ऐकून कंटाळा आलाय, कारण सगळे वस्तूबद्दल भांडतात, त्या पस्तीस मिनिटांच्या तासात नेमकं काय होतं त्याबद्दल कुणी बोलतच नाही. म्हणून इथं लिहिते. लांब होणार आहे, आधीच सांगते.

मी पाटण तालुक्याच्या डोंगरी भागात जिल्हा परिषद शाळेवर आहे, सहावी ते आठवी गणित-विज्ञान माझ्याकडे. आमच्या शाळेच्या भिंतीवर पण 'डिजिटल शाळा' असं रंगवलेलं आहे. २०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या सरकारी कार्यक्रमाचा जीआर आला त्यानंतर दोन-तीन वर्षं गावोगाव लोकवर्गणीची लाटच आली होती, यात्रेच्या वर्गणीसारखी, मुंबईला असलेल्या चाकरमान्यांनी पैसे दिले, माजी विद्यार्थ्यांनी दिले, टीव्ही आले, प्रोजेक्टर आले, फिती कापल्या, फोटो पेपरात आले. मनापासून सांगते, त्या लोकांच्या भावनेबद्दल मला आदरच आहे. पण फीत कापल्यानंतर पुढं काय? समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेच्या वरखर्चाला जे संयुक्त शाळा अनुदान येतं ते ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५ हजार. त्यातच लाईट बिल, त्यातच खडू, फिनेल, नळाची तोटी, कौलं-पत्र्याची डागडुजी. आता यात प्रोजेक्टरचा दिवा गेला की तो कशातून आणायचा? इन्व्हर्टरची बॅटरी बसली की? मग ती वस्तू कपाटात जाते आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे, कारण चोरीला गेली तर उत्तर त्यांना द्यायचंय. किती शाळांत असंच आहे, तुम्हीच सांगा.

बरं, जिथं टीव्ही चालू आहे तिथं तरी काय चालतं? पेनड्राइव्ह लावायचा, धड्याचा व्हिडिओ सुरू करायचा. मागं म्युझिक, एक ताई गोड आवाजात बोलतेय, ग्राफिक्स फिरतायत. पोरं एकदम शांत, बाहेरून कुणी आलं तर म्हणेल वा, काय लक्ष आहे! संपल्यावर विचारायचं, कळलं का? सगळ्यांचं एका सुरात "होऽऽ बाई". दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न जरा फिरवून विचारा, कुणाला काहीही आठवत नसतं. आठवेल कसं, व्हिडिओ थांबत नाही ना कुणासाठी, त्याला पोरांची तोंडं दिसत नाहीत. मागच्या बाकावरची मुलगी दुसऱ्याच मिनिटाला सुटली हे बाईला दिसतं, पण बाई तेव्हा पोषण आहाराची नोंद भरत असते.

आता जे चालतं ते सांगते, नाहीतर म्हणाल ही नुसती नावंच ठेवते.

आठवीला धाराविद्युत आहे. फेट नावाची सिम्युलेशन आहेत, म्हणजे स्क्रीनवर स्वतः करून बघायचे प्रयोग, अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वाईमन या नोबेल मिळालेल्या भौतिकशास्त्रज्ञानं २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला, फुकट आहेत, बरीचशी मराठीतही आहेत आणि मुख्य म्हणजे फाईल एकदा उतरवून घेतली की नेट लागत नाही. त्यात सर्किटचं एक आहे. सेल, वायर, बल्ब, स्विच ओढून आणायचे आणि जोडायचे, जोडलं की वायरीतून निळे गोळे, म्हणजे इलेक्ट्रॉन, सरकायला लागतात. पोरांनी पहिलं काय केलं असेल तर सेलच्या दोन टोकांना एकच वायर जोडली, स्क्रीनवर भडका उडाला, मग तासभर कोण ऐकतंय! प्रत्येकाला आग लावायची होती. लावू दिली. शॉर्टसर्किट त्यांना वेगळं शिकवावं लागलं नाही.

मग मी फळ्यावर एक सेल आणि ओळीनं दोन बल्ब काढले आणि विचारलं, कुठला जास्त पेटेल? जवळपास सगळ्या वर्गाचं उत्तर, सेलजवळचा पहिला, कारण त्यानं वीज खाल्ली की पुढच्याला कमी उरणार. (हे उत्तर मला डीएड झालेल्या माणसांकडूनही ऐकायला मिळालंय, त्यामुळं पोरांना हसू नका.) स्क्रीनवर जोडून बघितलं, दोन्ही सारखेच पेटले. वर्ग गप्प. व्हिडिओ असता तर इथं "म्हणून मुलांनो, एकसर जोडणीत धारा सगळीकडे समान असते" म्हणून विषय संपला असता.

मी टेबलावर खरा सेल आणि टॉर्चचे दोन बल्ब ठेवले. आधी तर पेटेचनात. वायरीचं प्लॅस्टिक नीट सोललं नव्हतं, मग एक पोरगं दातानं सोलायला लागलं, त्याला ओरडले, मग सेलच उतरलेला निघाला, तो बदलला. एक मुलगा वैतागून म्हणाला, "बाई, मोबाईलमधी वायर कधी ढिली पडत न्हाय." शेवटी पेटले, तर एक झगझगीत आणि एक मिणमिणता! लगेच आरडाओरडा, बघा बाई, आम्ही म्हणत होतो, मोबाईल खोटं बोलतोय. मी काहीच बोलले नाही. मग एका मुलीनं, जी एरवी तोंड उघडत नाही, तिनं बल्ब काढले आणि त्यांच्या जागा बदलल्या. जो मिणमिणता होता तो सेलजवळ आला तरी मिणमिणताच राहिला. म्हणजे दोष जागेचा नाही, बल्बच वेगवेगळे आहेत, बारीक बघितलं तर दोघांवर छापलेले आकडे पण वेगळे होते. आता दोन अगदी सारखे बल्ब कुठं मिळतील यावर वर्गात चर्चा सुरू, मधली सुट्टी झाली तरी कुणी हलेना.

माझं सगळं म्हणणं या एका तासात आलंय खरं तर. नुसता स्क्रीन असता तर पोरांनी मानलं असतं कारण मोबाईल सांगतोय. नुसता टेबल असता तर चुकीचं उत्तर पक्कं झालं असतं, कारण डोळ्यांना तसंच दिसत होतं. दोन्ही शेजारी ठेवले आणि दोघांचं पटलं नाही तेव्हा पोरं विचार करायला लागली. आणि असं शेजारी ठेवायचं कुठलं, कधी, किती वेळ, हे माझ्या वर्गात मीच ठरवणार, ॲप नाही ठरवू शकत.

सहावीला जिओजेब्रा या भूमितीच्या ॲपवर त्रिकोण ओढून बघायला देते तेव्हा पण हेच. कोपरा धरून ओढा कसाही, कोनांची बेरीज १८० मोडून दाखवा म्हटलं की पोरं तुटून पडतात. एकानं वहीत तीन आकडे लिहून बेरीज केली, १८०.०१ आली! मोडलं, मोडलं! मग दशांशात शेवटचा अंक कसा जवळचा करून दाखवतात ते निघालं. ते काही त्या दिवशीच्या टाचणात नव्हतं.

डिसले गुरुजींचं उदाहरण सगळे देतात, परितेवाडीचे, २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज, दहा लाख डॉलर आणि त्यातली अर्धी रक्कम बाकीच्या अंतिम यादीतल्या शिक्षकांना वाटून टाकली. भाषणात नाव निघालं की लगेच त्यांनी पुस्तकांत टाकलेल्या क्यूआर कोडचं कौतुक. पण त्यांच्या वर्गातल्या मुलांची भाषा कन्नड होती आणि त्यांनी आधी पुस्तकं मुलांच्या भाषेत आणली, हे किती जण सांगतात? कोड चिकटवणं पाच मिनिटांचं काम आहे हो, कोडच्या मागं कुठल्या पोरासाठी काय ठेवायचं याला शिक्षक लागतो.

कोरोनात तर हे उघडंच पडलं. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' म्हणून रोज व्हॉट्सॲपवर लिंक यायच्या, त्या मी पालकांना पुढं ढकलायचे आणि ज्यांच्याकडे साधा बटणाचा फोन त्यांना कुठं ढकलू? त्या काळात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर लागलेली अभ्यासाची मालिका 'टिलीमिली', एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची. साधा टीव्ही, नेट नको, रिचार्ज नको. तंत्रज्ञान म्हणून बघाल तर अगदी आपल्या आई-वडिलांच्या काळातलं, पण वाडीवर पोचलं.

आणि घरी फोन आहे म्हणजे पोरगं शिकतंय असं समजणाऱ्यांसाठी, असर या शिक्षणाच्या सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांचं आहे, ज्यांना स्मार्टफोन वापरता येतो त्यातल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी काहीतरी केलं होतं आणि ७६ टक्के सोशल मीडियावर होते. आमच्याकडे तर फोन सकाळी बापाबरोबर रानात जातो, संध्याकाळी आला की पहिला नंबर थोरल्या भावाचा, आणि मुलीचा नंबर लागेपर्यंत चार्जिंग संपलेलं असतं. तरी आपण गृहपाठाची लिंक पाठवतो, निळी टिक आली की खूश.

शिक्षकाच्या फोनचं तर विचारूच नका. फोन माझा, रिचार्ज माझं, आणि त्यात शाळेची किती ॲप आहेत ते मोजायचं सोडून दिलंय. हजेरी भरा, पोषण आहार भरा, विद्यार्थ्यांची माहिती अपडेट करा, आधार जुळत नाही ते बघा, वृक्षारोपणाचा फोटो टाका, जिओटॅग म्हणजे ठिकाणाची नोंद असलेला टाका, दुपारी बारापर्यंत टाका. रेंज फक्त व्हरांड्याच्या एका कोपऱ्यात, त्यामुळं त्या कोपऱ्यात हात वर करून उभी असलेली बाई म्हणजे आमची डिजिटल शाळा. शिक्षक तंत्रज्ञान वापरत नाहीत म्हणणाऱ्यांनी एक दिवस येऊन उभं राहावं तिथं. वापरतो की, दिवसभर वापरतो, फक्त त्यातलं शिकवण्यासाठी किती ते विचारा.

एआयचं एवढंच सांगते की सराव प्रश्न करायला मी वापरते, पण उदाहरणं अशी येतात की राजूनं १२० सफरचंदं घेतली आणि मित्रांना समान वाटली. आमच्या पोरांनी भाताची पोती मोजलेली असतात, तसं बदलून घेते.

माझ्याकडे एक पेनड्राइव्ह आहे, कराडला गेले की बहिणीच्या वायफायवर भरून आणते. त्यात फेटची पंधरा-वीस सिम्युलेशन, अरविंद गुप्तांच्या साइटवरची टाकाऊतून टिकाऊ खेळण्यांची पानं आणि मराठी पुस्तकं, स्टोरीवीव्हर या साइटवरच्या मराठी गोष्टी (मोफत आहेत, छापून वर्गात टांगता येतात, छापलेल्याच जास्त वाचल्या जातात असा माझा अनुभव), 'किशोर'चे जुने अंक, बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ. व्हिडिओ मोजकेच, आणि तेही इथं दाखवता येत नाही अशाच गोष्टींचे, ज्वालामुखी, हृदयाचे ठोके, समुद्राचा तळ. बी रुजण्याचा व्हिडिओ मी ठेवत नाही. शाळेच्या दारात भाताच्या रोपांचं तरवं आहे, पोरं तिथं जाऊन बघतील.

पाटण-कराड बाजूच्या कुणाला हवं असेल तर कॉपी देते, रिकामा पेनड्राइव्ह घेऊन या, ३२ जीबीचा तरी आणा. आणि उलट मला पण एक हवंय, आठवीच्या ध्वनीसाठी मराठीत, नेटशिवाय चालणारं, पोरांना स्वतः बटणं फिरवून बघता येईल असं काही कुणाकडे आहे का? लिंक नका टाकू प्लीज, फाईल द्या.