भेटवस्तूंच्या कापडी वेष्टनाबाबत आपण दिलेल्या अभिप्रायास उत्तर

नमस्कार ताई,

आपण आमच्या दुकानाला दोन तारे देऊन लिहिलेला अभिप्राय मी पुन्हा पुन्हा वाचला. पर्यावरणाच्या नावाखाली वापरलेल्या साड्यांचे तुकडे मिठाईच्या डब्यांना गुंडाळून दर डब्यामागे दीडशे रुपये घेतले, दोन डब्यांच्या गाठी वाटेतच सुटल्या, चकचकीत कागद आणि त्यावर पारदर्शक आवरण मागितले तर नकार मिळाला आणि डबे संध्याकाळी सातनंतर हाती आले, असे आपण म्हटले आहे. ऐन दिवाळीत, पाहुणे दारात असताना, आपल्याला दोन डबे पुन्हा बांधावे लागले याबद्दल मी आपली मनापासून क्षमा मागते. त्या दोन डब्यांच्या बांधणीचे पैसे आपल्याला परत मिळतील.

मात्र ‘वापरलेल्या साड्या’ हे वाचून मला आणि आमच्याकडे कापड शिवणाऱ्या बायकांना फार वाईट वाटले, आणि त्याविषयी सविस्तर लिहिल्यावाचून मला राहवत नाही. आमच्या दुकानातून बाहेर गेलेल्या भेटीच्या कापडांपैकी एकही कापड कधी कोणाच्या अंगावर नेसले गेलेले नाही. आम्ही दोनच प्रकारचे कापड वापरतो. एक म्हणजे मांजरपाट, म्हणजे साधे सुती कापड, जे आम्ही इचलकरंजीच्या यंत्रमागांवरून आलेल्या मालातून ताग्याने विकत घेतो. दुसरा म्हणजे खण, ज्याच्या ताग्याच्या शेवटी उरलेले पण पूर्ण पन्ह्याचे, म्हणजे पूर्ण रुंदीचे, कोरे तुकडे आम्हाला ब्लाउज शिवणाऱ्यांकडून मिळतात. शुभप्रसंगी कोणाला जुनेर देऊ नये, ही आपल्याकडच्या पुष्कळ घरांची भावना आहे आणि ती माझ्याही घरात आहे. जुन्या नऊवारीची गोधडी मला प्रिय असली, तरी दिवाळीच्या डब्याला मी ती साडी कधी बांधली नसती.

मग हे कापड आपल्याला जुने का वाटले असावे, याचा मी विचार केला आणि त्याचे कारण मला आमच्या कामाच्या पद्धतीतच दिसते. कोऱ्या सुती कापडाला खळ, म्हणजे कांजी, असते. ती तशीच ठेवली तर कापड दुकानात कडक आणि नवेकोरे दिसते खरे, पण त्याची गाठ नीट बसत नाही, घड्या फुगून राहतात आणि घरी पहिल्याच धुण्यात ते आटून वाकडे होते. म्हणून आम्ही प्रत्येक तागा आधी पाण्यात भिजवून, धुऊन आणि वाळवून घेतो आणि मगच कापतो. खणाचेही तसेच, कारण त्याचा गडद रंग सुटून मिठाईच्या डब्याला लागला तर आपणच आम्हाला दोष दिला असता आणि तो योग्यच ठरला असता. धुतल्यामुळे कापड मऊ होते आणि त्याची चमक थोडी उतरते. आपल्याला जे ‘वापरलेले’ वाटले, ते आमच्याकडच्या धुण्याच्या दोरीवरून उतरलेले कोरे कापड होते. शंका असेल तर कापडाच्या चारही कडा पाहाव्यात. दुमडून घातलेली टीप ताजी आहे आणि साडीच्या तुकड्यावर राहते तशी फॉलची किंवा निऱ्यांच्या घड्यांची एकही खूण आपल्याला सापडणार नाही.

दराबद्दलही याच ओघात सांगते. डब्याच्या लांब बाजूच्या साधारण तिप्पट कर्ण असलेला चौकोन घेतला तरच वर गाठ मारण्यापुरती टोके उरतात, त्यामुळे अर्धा किलोच्या डब्यालाही वाटते त्यापेक्षा बरेच जास्त कापड लागते. त्यावर धुणे, चार कडांची शिवण, केळीच्या खोडाच्या सोपटाची दोरी आणि हातकागदाची चिठ्ठी असते. हा कागद झाडापासून बनत नाही. पुण्यात शिवाजीनगरला १९४० मध्ये सुरू झालेल्या हातकागद संस्थेत तो कसा सुती कात्रणांच्या लगद्यापासून तयार होतो, हे पुणेकरांना ठाऊक आहे. दीडशे रुपयांपैकी साठ रुपये कापड परत आणून दिल्यास आम्ही परत करतो, आणि ही गोष्ट त्याच चिठ्ठीच्या मागील बाजूस छापलेली आहे. कापड परत करायचे नसेल तर त्यात पोळ्या ठेवता येतात, आणि घरातली पोथी तर आपल्याकडे पिढ्यानपिढ्या अशाच बासनात बांधून ठेवली जाते. पेशवे दप्तरातले कागदही कापडी रुमालांतच बांधले जात. त्यामुळे ही पद्धत आम्ही कोठून उसनी आणलेली नाही.

गाठींविषयी एवढेच म्हणेन, आणि हे आपल्याला दुखावण्यासाठी नाही, की आपली मूळ मागणी मांजरपाटाची होती. त्याच दिवशी दुपारी आपला निरोप आला की कापड फार साधे दिसते, तेव्हा सर्व डबे खणात बांधावेत. खणात रेशमी झाकेचा धागा असतो, तो घसरतो, आणि सुती कापडावर जशी निरगाठ रुतून बसते तशी ती खणावर बसत नाही. हे तेव्हाच फोनवर सांगितले होते. बांधून झालेले डबे सोडून पुन्हा बांधायला जो वेळ लागला, त्यामुळेच ते पाचऐवजी सातनंतर पोहोचले. आपला आनंद व्हावा म्हणूनच आम्ही नाही म्हटले नाही.

चकचकीत कागदाचा नकार हा आमचा हट्ट नव्हे. मिठाईच्या डब्यांभोवती आणि निमंत्रणपत्रिकांभोवती प्लॅस्टिकची पारदर्शक फिल्म गुंडाळण्यास १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, आणि महाराष्ट्रात प्लॅस्टिकविषयीचे निर्बंध त्याही आधी, २०१८ मध्ये आले. बाजारात ज्याला सर्रास सेलोफेन म्हणतात ते बहुतेक वेळा प्लॅस्टिकच असते. चंदेरी-सोनेरी कागदावर बंदी नाही, हे खरे. पण त्यातल्या पुष्कळ कागदांवर प्लॅस्टिकचा किंवा धातूचा थर असतो. तो मुठीत चुरगाळून सोडून पाहावा: पुन्हा उलगडला तर त्यात प्लॅस्टिक आहे असे समजावे. असा कागद रद्दीत चालत नाही, कचरावेचक बायकांना त्याचे पैसे मिळत नाहीत, आणि लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी तो ओल्या कचऱ्यात मिसळून जातो. ज्यांना कापड नको असते त्यांच्यासाठी आम्ही तपकिरी कागद, सुतळी आणि चिकटवण्यासाठी खळ ठेवतो. त्यात चिकटपट्टी नसल्यामुळे तो कागद रद्दीत जातो आणि दरही कापडाच्या निम्म्याहून कमी आहे. आपण विचारले असते तर आनंदाने दाखवला असता.

पुढील वर्षी खणाच्या डब्यांना आतून सुती पट्टी लावण्याचा आणि ऐनवेळच्या बदलांबाबत काही नियम करण्याचा आमचा विचार आहे; तो आम्ही लवकरच पक्का करू.

तारे किती द्यावेत हा सर्वस्वी आपला अधिकार आहे आणि त्याविषयी माझे काही म्हणणे नाही. परंतु हे दुकान वर्षभर चालते ते दिवाळीतल्या कामावर, आणि नवे ग्राहक आता आधी येथील अभिप्राय वाचतात. म्हणून हात जोडून विनंती करते, की आपल्याकडचे एक कापड घेऊन एकदा दुकानात यावे. त्याच्या शेजारी न धुतलेला तागा ठेवून मी आपल्याला दोन्ही दाखवीन, आणि आपली खात्री पटली तर अभिप्रायातील ‘वापरलेल्या साड्या’ एवढाच भाग आपण कृपया दुरुस्त करावा. दोन डब्यांचे पैसे त्याच वेळी देईन.

आपली नम्र,
दुकानाची मालकीण