टावेलाखालचा मोबाईल

मे महिन्यात भर दुपारी परभणीच्या मोंढ्यात उभं राहून मोबाईलवरचं बारीक अक्षर कुणी वाचून दाखवलं तर त्याला माझ्याकडून रसवंतीत दोन ग्लास रस, बर्फ टाकून. पैज हाय.

झालं असं की खरिपाचं बियाणं अन् खताच्या गोण्या घेतल्या, बिल झालं ५,४६० रुपये. दुकानात ही गर्दी, म्हणून बाहेर पायरीवर उभं राहून फोन काढला. पैसे पाठवायच्या ॲपनं आदल्याच रात्री अपडेट घेतलेलं, 'नव्या रूपात' म्हणे. नवं रूप म्हणजे काय, तर पांढऱ्यावर फिक्कट राखाडी अक्षरं, ती पण अशी बारीक की मात्रा कुठं अन् अनुस्वार कुठं, शिरोरेघ तेवढी केसासारखी दिसते अन् तिला खाली काहीतरी लोंबकळतंय एवढंच कळतं.

आकडा अंदाजानंच टाकला. खाली बटन दिसलं, तेही राखाडी. आता इतकी वर्षं ह्याच लोकांनी आपल्याला शिकवलंय की राखाडी बटन म्हणजे बंद बटन, अजून काहीतरी भरायचं राहिलंय, म्हणून मी आपला त्याला रंग चढायची वाट बघत उभा. दोन मिनिटं झाली, तीन झाली.

"काका, काय करायलाव? दाबा की!" दुकानातलं पोरगं.

"ते चालू झालं नाही अजून."

"चालूच हाय ते, तसंच असतंय."

आता दाबायला गेलो तर बाजूचं हिरवंगार, ठसठशीत 'रद्द करा' दाबल्या गेलं. एकदा नाही, दोनदा. पैसे घेणाऱ्या ॲपमध्ये पैसे न द्यायचंच बटन तेवढं दिसतं, ही कसली अक्कल! आणि हो, वर 'झटपट कर्ज घ्या' ही जाहिरात होती, ती मला पायरीवरनं काय, बस स्टँडवरनं पण वाचता आली असती.

कुणीतरी म्हणलं डार्क मोड लावा. लावला. भर उन्हात काळ्या स्क्रीनचा सरळ आरसा होतो हे तेव्हा कळलं, घामानं डबडबलेलं माझंच तोंड, ते मात्र एकदम स्पष्ट. तेवढ्यात फोन तापला. लई तापला की फोन आपणहून उजेड कमी करतो, म्हणजे उजेडाची गरज मला अन् ऊन लागलं त्याला! शेवटी डोक्यावरचा टावेल काढला, फोनसकट आत शिरलो अन् जुन्या फोटोग्राफरसारखं त्या अंधारात पैसे पाठवले. बाहेर आलो तर चार-पाच जण बघायलेले. एकानं विचारलं, "वाफ घेऊ लागलाव का?"

रात्री भाच्याला फोन लावला. तो पुण्यात असलंच डिझाईनचं काम करतो.

"मामा, तो मिनिमल लूक असतो. सगळंच गडद केलं की डोळ्याला जड वाटतं."

"अरे आमच्या डोळ्याला काहीच वाटंना, कारण दिसंना."

"चाळिशी लागलीय तुम्हाला, चष्मा बदला."

आता चष्म्यानं अक्षर मोठं होतं, काळं होतं का? तरी पोरगं गुणाचं, स्क्रीनशॉट मागवून त्यानं रंग मोजला, म्हणजे अक्षर अन् त्याच्या मागचा पांढरा ह्यांच्या उजेडात फरक किती ते. ह्याला माप असतं हे मला नवीनच. पांढऱ्यावर कुळकुळीत काळं म्हणजे २१ ला १, हे सगळ्यात वरचं. साध्या अक्षराला निदान ४.५ पाहिजे, मोठ्या अक्षराला ३ चालतं, अन् हा नियम वेबवाल्यांनी २००८ सालीच लिहून ठेवलाय. आमच्या ॲपचं माप भरलं २.८५. म्हणजे २१ पैकी साडेचारला पास, एवढी सवलत तर आमच्या बोर्डात कॉपी करणाऱ्यालाबी नव्हती, अन् हे तरी नापास! वरून ते माप पण ऑफिसातल्या गारव्यातलं, मोंढ्यातल्या उन्हात काचेवर जी झळाळी मारते ती त्यात धरलेलीच नाही.

परभणी स्टेशनची पाटी बघा. पिवळ्यावर काळं, गाडी थांबायच्या आधी डब्यातनं वाचता येते. ती रंगवणाऱ्यानं मिनिमल हा शब्द ऐकला नसेल, बरं झालं.

मागच्या आठवड्यात भाचा लग्नासाठी आला. दुपारी जिंतूर रोडला रसवंतीवर थांबलो, दोन-दोन ग्लास झाले. "मामा, मी देतो," म्हणत त्यानं ऐटीत फोन काढला. मग फोन तिरका केला. मग हाताचा आडोसा केला. मग उन्हाला पाठ करून उभा राहिला, डोळे बारीक, मान वाकडी. रसवाला चरकावरचा हात थांबवून बघायला.

"मामा... टावेल द्या जरा."

मी टावेल खांद्यावर नीट घडी करून ठेवला अन् म्हणलं, "रद्द करा तेवढं दाबू नको, हिरवंय ते."