‘आम्हाला विचारतं कोण?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. पहिल्यांदा रागाने, दुसऱ्यांदा खुसपटं काढत आणि तिसऱ्यांदा माझाच लेख शेजारी उघडून ठेवून. तिसऱ्या वाचनात माझी बाजू चांगलीच लंगडी पडली, म्हणून हे लांबलचक उत्तर.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. रोजच्या जगण्यातल्या संगीतावरच्या माझ्या लेखाला तुमचे तीन आक्षेप आहेत. ‘संगीतामुळे एकाग्रता वाढते’ हे मी ठोकून दिलंय. ‘संगीत न आवडणारा माणूस शोधून सापडायचा नाही’ असं लिहून मी, ज्यांना गाणी ऐकून काहीच होत नाही अशा तुम्हाला, दगडांत जमा केलंय. आणि जिथे जावं तिथे कुणीतरी संगीत लावून ठेवलेलं असतं, तुमचा सहकारी तर दिवसभर स्पीकर चालू ठेवतो, ‘आम्हाला विचारतं कोण?’, याबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही. जाता जाता एक टोलाही आहे: विरंगुळ्याला विज्ञानाचा मुलामा कशाला?

पहिला आक्षेप मान्य. माझ्या घरातच त्याचा पुरावा आहे. मजकूर तपासणं, दुरुस्त करणं हे माझं पोटापाण्याचं काम. मध्यंतरी एका वार्षिक अहवालावर काम करताना कानात आवडीची गाणी चालू होती. संध्याकाळी पान परत वाचलं, तर ‘हिशेब सभासदांपुढे मांडण्यात आला’ या वाक्याच्या जागी मी स्वतःच्या हाताने टाइप केलं होतं, ‘हिशेब सभासदांपुढे चांदण्यात आला’. गाण्यातलं चांदणं थेट ताळेबंदावर पडलं होतं! वाचताना आपण मनातल्या मनात शब्द उच्चारत असतो आणि गाण्याचे शब्द त्याच दारातून आत घुसतात. सलामे आणि बॅडली या मानसशास्त्रज्ञांनी 1989 मध्ये लोकांना पडद्यावरचे आकडे क्रमाने लक्षात ठेवायला लावले होते. नुसत्या वाद्यसंगीतापेक्षा गायलेल्या संगीताने जास्त घोटाळा केला. हे मला माहीत होतं, तरी लेखात सरसकट ‘एकाग्रता वाढते’ लिहिलं. चूक माझीच.

‘मोझार्ट ऐकलं की बुद्धी वाढते’ या समजाचा दाखलाही तुम्ही नेमका दिलात. 1993 साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात एक छोटंसं टिपण आलं. 36 कॉलेज विद्यार्थ्यांनी मोझार्टची दोन पियानोंसाठीची सोनाटा दहा मिनिटं ऐकली आणि आकृत्यांच्या कोड्यांत त्यांना थोडे जास्त गुण मिळाले. परिणाम टिकला जेमतेम दहा-पंधरा मिनिटं, आणि त्यात बाळ एकही नव्हतं. पण 1998 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर झेल मिलर नवजात बाळांना पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत वाटायला सरकारी पैसा मागत होते. पुढे शेलेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ही सगळी तरतरीची आणि मूडची किमया. संथ, उदास संगीत लावलं तर फायदा गायब होतो. आणि ज्यांना गोष्ट ऐकणं जास्त आवडतं त्यांना गोष्ट ऐकूनही तेवढाच फायदा होतो. म्हणजे चांगला चहा प्यायल्यावर कोडं सुटलं, तर त्याला बुद्धी वाढली म्हणायचं का, एवढाच तो प्रश्न.

दुसऱ्या आक्षेपावर माफी मागते. 2014 मध्ये बार्सिलोनाच्या संशोधकांनी संगीतातून काहीच आनंद न मिळणाऱ्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना बहिरेपण नव्हतं, नैराश्य नव्हतं. हे गाणं दुःखी, हे आनंदी, एवढं ते बरोबर ओळखत. पैसे जिंकण्याच्या खेळात त्यांचं काळीज इतरांसारखंच धडधडे, पण संगीत लागलं की ना नाडी हलायची, ना तळव्याला घाम फुटायचा. तेव्हा ‘गाणी ऐकून मला काहीच होत नाही’ हे तुमचं वाक्य मी यापुढे रुसवा म्हणून नाही, माहिती म्हणून वाचेन.

आता तिसरा. इथे तुम्ही माझ्या वर्मावर बोट ठेवलंत. मी ज्या चांगल्या परिणामांबद्दल लिहिलं, त्यातल्या कित्येक प्रयोगांत गाणं ऐकणाऱ्यानेच निवडलेलं होतं, आणि हा तपशील मी गाळला. मॉन्ट्रियलला ब्लड आणि झाटोर यांनी 2001 मध्ये संगीताने अंगावर येणाऱ्या काट्याचा अभ्यास केला. दहा जण, प्रत्येकाने आपापलं काटा आणणारं संगीत आणलेलं. आणि तुलनेसाठी काय वापरलं? दुसऱ्याने आणलेलं संगीत! एकाचा रोमांच दुसऱ्याच्या लेखी नुसता आवाज. फिनलंडमध्ये पक्षाघातातून सावरणाऱ्या रुग्णांना दोन महिने रोज संगीत ऐकवलं, तेव्हा त्यांची शब्दांची स्मरणशक्ती आणि लक्ष इतरांपेक्षा जास्त सुधारलं (2008). तिथेही गाणी त्यांच्या स्वतःच्या आवडीची.

न निवडलेलं संगीत मात्र वेगळीच कामं करतं, आणि बहुतेक वेळा लावणाऱ्याची. 1982 मध्ये मिलिमन यांनी एका सुपरमार्केटमध्ये कधी संथ, कधी जलद संगीत वाजवलं. संथ संगीतात गिऱ्हाइकांची चाल मंदावली आणि विक्री 38 टक्क्यांनी जास्त झाली. 1997 च्या एका ब्रिटिश प्रयोगात फ्रेंच सुरावट लावली की फ्रेंच वाइन जास्त खपे, जर्मन लावली की जर्मन. आणि संगीतामुळे आपण ती उचलली असं घेणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना वाटलं. आपल्याला वाटतं, आपण ऐकतच नाही आहोत. पाय मात्र ऐकत असतात.

इटलीतल्या बर्नार्डी यांचा 2006 चा अभ्यास तर सरळ तुमच्या बाजूने साक्ष देतो. लय वाढली की श्वास आणि नाडी वाढायची, मग ते संगीत ऐकणाऱ्याच्या आवडीचं असो वा नसो. म्हणजे सहकाऱ्याच्या स्पीकरने डोकं उठतं ही तुमची तक्रार नुसती नाजूकपणाची नाही. गंमत अशी की त्यांनी तुकड्यांच्या मध्ये दोन मिनिटांची शांतता ठेवली होती, आणि सगळ्यात खोल विसावा त्या शांततेत मिळाला. नाडी सुरुवातीपेक्षाही खाली आली. हे वाचून मला माझीच एक दुपार आठवली. हेडफोनची बॅटरी संपली होती आणि मी पाऊण तास ते तसेच कानावर ठेवून काम करत होते. बाहेरचा गलबला कमी, आत काहीही नाही. काम झकास झालं, आणि श्रेय मी गाण्यांना देऊन मोकळी झाले होते.

(परवा एका कंपनीला तक्रारीसाठी फोन केला, तर पंचवीस मिनिटं एकच धून ऐकत ताटकळले. ती पुढचे दोन दिवस डोक्यातून हलेना. रेडिंग विद्यापीठाच्या 2015 च्या प्रयोगात च्युइंगगम चघळल्यावर अशी चिकटलेली गाणी कमी आठवत होती. जबडा गुंतला की मनातलं गुणगुणणं अडतं, असा त्यांचा तर्क. मी चघळून पाहिलं. जबडा दुखला, धून तिथेच.)

मुलाम्याबद्दल मात्र मी तुमच्याशी भांडणार. मोजमाप केल्याने विरंगुळ्याला मोठेपणा येत नाही, हे खरं. पण मोजलं नसतं तर तुमचं ‘काहीच होत नाही’ कुणी खरं मानलं असतं? सगळे म्हणाले असते, चांगलं गाणं अजून ऐकलं नसेल. तुमच्या वाक्याला पाठबळ दिलं ते याच आकड्यांनी.

मूळ लेखात दोन दुरुस्त्या केल्या आहेत. एकाग्रतेच्या वाक्यावर काट मारून खाली चांदण्याचा किस्सा टाकलाय. ‘शोधून सापडायचा नाही’ हे पार काढलं. झोपेचा परिच्छेद ठेवला आहे, कारण कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या 2022 च्या आढाव्यात 13 अभ्यास एकत्र तपासले आणि संगीत ऐकणाऱ्या निद्रानाशाच्या रुग्णांनी झोप सुधारल्याचं सांगितलं. फक्त ‘त्यांच्या स्वतःच्या सांगण्यानुसार’ हे शब्द आता जोडले. आवाजाच्या मर्यादेबद्दल तुम्ही विचारलं होतं: जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 80 डेसिबलला आठवड्याला 40 तास ऐकणं सुरक्षित, 90 ला फक्त 4.

आणि हे उत्तर तुमच्या सहकाऱ्याला वाचायला द्यायचं असेल तर खुशाल द्या. वाईटपणा माझ्या नावावर घाला.