‘दोघेही सारखेच मारतात’ या दाव्यात काय मोजलेले नाही

सध्या एक मजकूर वारंवार पुढे पाठवला जात आहे. त्याचा आशय असा : घरात हात उगारण्याच्या बाबतीत स्त्री आणि पुरुष सारखेच आहेत, हे पाहण्यांनी केव्हाच सिद्ध केले आहे, पुरुष लाजेपोटी तक्रार करत नाहीत, म्हणून ते दिसत नाही, त्यामुळे स्त्रियांसाठी वेगळी आश्रयगृहे हा निव्वळ पक्षपात आहे, आणि जिला खरोखर मार बसतो ती त्या घरात राहतेच कशाला? एकापाठोपाठ एक आल्यामुळे ही विधाने पटकन पटतात. म्हणून ती सुटी करून तपासली पाहिजेत.

पहिले विधान हवेतून आलेले नाही, हे आधी मान्य करतो. समाजशास्त्रज्ञ मरे स्ट्राउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये अमेरिकेत राष्ट्रीय पाहणी केली, तेव्हा वर्षभरात जोडीदारावर हात टाकल्याचे प्रमाण दोन्ही बाजूंनी १२ टक्क्यांच्या आसपास निघाले. पण हे आकडे ज्या प्रश्नावलीतून आले, ती भांडणातल्या कृती मोजत होती : ढकलले का, चापट मारली का, वस्तू फेकली का. कोणी कशासाठी ढकलले आणि त्यातून काय झाले, हे त्या मोजणीत धरलेले नव्हते. समजा, तो दाराला पाठ लावून उभा आहे, तिचा फोन त्याच्या खिशात आहे, आणि बाहेर पडता यावे म्हणून ती दोन्ही हातांनी त्याला बाजूला ढकलते. तो तिला उलट इतक्या जोराने ढकलतो की तिचे डोके भिंतीवर आपटते. कागदावर दोघांच्याही नावापुढे ‘ढकलले’ अशी एकेक खूण होते. अडवलेले दार, काढून घेतलेला फोन आणि डोक्याला आलेले टेंगूळ या तिन्ही गोष्टी नोंदीबाहेर राहतात आणि हिशेब मात्र समसमान होतो. दुखापत आणि लैंगिक सक्ती यांविषयीचे प्रश्न या प्रश्नावलीच्या १९९६ च्या सुधारित आवृत्तीत आले. शिवाय मूळ पाहणी एकत्र राहणाऱ्या जोडप्यांची होती. वेगळे झाल्यावरही ज्यांचा पाठलाग आणि छळ चालू राहतो, ते तिच्यात येणारच नव्हते. स्त्रियांना होणारी इजा अधिक गंभीर असते, हे स्वतः स्ट्राउस यांनीही वारंवार लिहिले आहे. पुढे पाठवल्या जाणाऱ्या मजकुरातून नेमके तेवढेच गळते.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मायकेल जॉन्सन यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले, की ‘कौटुंबिक हिंसाचार’ या एकाच नावाखाली वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या जात आहेत. वाद चिघळून क्वचित हातघाईवर येणे ही एक गोष्ट झाली. पैसा, येणेजाणे, माणसांशी बोलणे या सगळ्यावर ताबा ठेवून जोडीदाराला सतत धाकात ठेवणे ही दुसरी. पहिल्या प्रकारात प्रमाण बरेचसे सारखे दिसते. दुसऱ्यात, विशेषतः स्त्री-पुरुष जोडप्यांमध्ये, धाक दाखवणारा बहुतांशी पुरुष असतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ च्या कायद्याने असा सततचा धाक हा स्वतंत्र गुन्हा ठरवला, कारण एकेक चापट मोजून तो पकडता येत नव्हता.

पुरुष तक्रार करत नाहीत, हे खरे आहे. मार खाणाऱ्या पुरुषाची थट्टा होते, त्याला कोठे जावे ते कळत नाही, आणि ही परिस्थिती बदललीच पाहिजे. परंतु तक्रार कमी होते म्हणून खरे प्रमाण समान असणार, हे अनुमान टिकत नाही. खुनाची नोंद मृत व्यक्तीच्या लाजेवर अवलंबून नसते. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालयाच्या २०१७ च्या जागतिक अंदाजानुसार, जोडीदाराकडून मारल्या गेलेल्यांमध्ये ८२ टक्के स्त्रिया होत्या. उरलेले १८ टक्के पुरुष हेही माणसांचे जीव आहेत. त्यांच्यासारख्यांसाठी मदतवाहिनी आणि निवारा मागणे पूर्णपणे रास्त आहे, आणि ती मागणी कोणी केली तर मी तिच्या बाजूने उभा राहीन. हा मजकूर ती मागणी करत नाही. जे आहे ते बंद करा, एवढेच त्याचे म्हणणे आहे.

राहता राहिला ‘ती निघून का जात नाही’ हा प्रश्न. तो विचारणारे असे गृहीत धरतात की बाहेर पडले की धोका संपतो. प्रत्यक्षात निघण्याची तयारी आणि निघाल्यानंतरचे काही महिने हाच बहुधा सर्वांत धोक्याचा काळ असतो, कारण हातातून सुटणारा ताबा परत मिळवण्यासाठी समोरचा माणूस कोणत्याही थराला जाऊ शकतो. अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की जोडीदाराने पूर्वी गळा दाबलेला असेल तर पुढे त्याच्याच हातून त्या स्त्रीचा खून होण्याची शक्यता सुमारे ७ पट वाढते. गळा दाबल्याची खूण बऱ्याचदा बाहेरून दिसतही नाही. म्हणून अशी स्त्री दवाखान्यात किंवा पोलीस ठाण्यात आली, तर ‘आधीच का निघाली नाहीस’ असे न विचारता ‘त्याने कधी गळा दाबला होता का’ असे विचारावे लागते, आणि तिचे उत्तर त्याच वेळी लिहून घ्यावे लागते.