रस्ता आहे, पण मधे आबांची मेथी आहे

आमची सोसायटी हायवे टच आहे. ब्रोशरमध्ये तसं छापलं होतं आणि बिल्डरने दिलेल्या सगळ्या शब्दांपैकी हा एकच त्याने पाळलाय. हायवे आम्हाला रोज टच करतो, रात्री अकरापर्यंत ट्रॅव्हल्सवाल्या पोराच्या "सातारा कराड कोल्हापूर, सातारा कराड कोल्हापूर" या आरोळीने आणि त्यानंतर उजाडेपर्यंत ट्रेलरच्या हॉर्नने. आम्हाला हायवेला टच करायचं असेल तर काय करायचं हे ब्रोशरमध्ये नव्हतं, तिथे नुसती एक तुटक रेघ होती आणि तिच्यावर बारीक अक्षरात "प्रस्तावित सर्व्हिस रोड".

वाकड सोडलं की रावेतच्या अलीकडे आम्ही राहतो, मुंबई-बेंगळुरू हायवेला लागून. तो कागदावर 48 नंबरचा झाला त्याला जमाना झाला पण इथले जुने लोक अजून एनएच फोरच म्हणतात. हा देहूरोड ते कात्रज पट्टा म्हणजे मुळात बायपास. मुंबईहून आलेल्या गाडीने पुण्याला हातही न लावता साताऱ्याकडे निघून जावं म्हणून शेतांमधून काढलेला. मग हिंजवडीला आयटी पार्क आलं, आयटीवाल्यांना राहायला घरं लागली, घरांना शाळा लागल्या, शाळांना पुस्तकाची दुकानं आणि कोचिंग क्लास लागले आणि बायपासने जे शहर टाळायचं होतं ते स्वतःच उठून बायपासच्या दोन्ही बाजूंना येऊन उभं राहिलं. आता बायपासलाच बायपास पाहिजे, त्याचं नाव सर्व्हिस रोड.

बरं, रस्ता झाला नाही असं कुणी म्हणू नये, झालाय की. आमच्या गेटमधून डावीकडे वळलं की दोन गाड्या आरामात जातील असं गुळगुळीत डांबर, कडेला पिवळे-काळे कर्ब, पांढरे पट्टे, रात्री चमकणारे कॅट-आय, सगळं आहे. आपण चौथा गिअर टाकतो, मनात म्हणतो चला सुधारलं बाबा पुणं, आणि समोर रस्ता संपतो. अरुंद बिरुंद होत नाही, डायरेक्ट संपतो, शेवटचा पांढरा पट्टा अर्ध्यात तुटलेला, पुढे फूटभर खाली उतार आणि उताराखाली मेथीचे वाफे. मेथीच्या पलीकडे एक गोठा, दोन म्हशी, पत्र्याच्या शेडमध्ये पंक्चरचं दुकान आणि त्याच्याही पलीकडे, शपथ घेऊन सांगते, तोच रस्ता परत सुरू, तेच पट्टे, तोच कर्ब. मधे जेमतेम साठ मीटर.

आणि आयुष्यातल्या सगळ्या गोष्टी त्या साठ मीटरच्या पलीकडे आहेत. डेंटिस्ट पलीकडे, दळण पलीकडे, पोराचा अबॅकसचा क्लास पलीकडे. गच्चीवरून क्लासची पाटी वाचता येते पण तिथे जायला मागे फिरायचं, अंडरपासमधून हायवेच्या त्या बाजूला जायचं, तिकडून पुढच्या अंडरपासला यायचं आणि परत अलीकडे. आता ताथवडे-पुनावळ्याचे अंडरपास ज्यांनी पाहिलेत त्यांना पुढचं सांगायला नको. ज्या काळात खालून बैलगाडी जायची त्या काळाच्या मापाचे ते, आज त्यातून आरएमसीचा म्हणजे तयार काँक्रीटचा मिक्सर, कंपनीची बस, पाण्याचा टँकर आणि आमची गाडी एकाच वेळी जायला बघतात, आणि पावसाळ्यात तिथे पाणी असं साचतं की रिक्षावाला आधी समोरून येणाऱ्याला विचारतो, "किती हाय ओ? सायलेन्सरच्या वर का खाली?"

म्हणून मग लोक राँग साइडने जातात. मोटार वाहन कायद्याच्या 184 कलमाखाली ते डेंजरस ड्रायव्हिंग, 2019 च्या दुरुस्तीत तसं स्पष्ट लिहिलंय, पण आमच्याकडे राँग साइडचीच इतकी वर्दळ की बरोबर बाजूने येणाऱ्याला लोक डिपर मारून झापतात, "ओ दादा, बघून चालवा की!" सिलेंडरचा टेम्पो तसाच येतो, स्कूल व्हॅन तशीच येते, एकदा तर नवरदेवाची सजवलेली गाडी समोरून आली आणि मागे अख्खी वरात, त्यांना काय रिव्हर्स घ्या म्हणणार.

सोसायटीत एक काका आहेत, पिंपरीच्या एका कारखान्यातून क्वालिटीमधून रिटायर झालेले. रस्त्याचं काम सुरू झालं त्या दिवसापासून त्यांना दुसरी नोकरी लागली. सकाळी टोपी, शबनम आणि स्टीलची फूटपट्टी घेऊन साइटवर हजर. आधी मुरूम पडला, मग जीएसबी म्हणजे खालचा खडीचा थर, त्यावर डब्ल्यूएमएम म्हणजे पाणी घालून दाबलेली खडी, मग डांबराचे दोन थर, हे सगळं आम्हाला ग्रुपवर फोटोसकट कळायचं, प्रत्येक फोटोत फूटपट्टी. एकदा कोवळा इंजिनिअर खडीच्या थरात गोल खड्डा खणून, त्यातला माल वजन करून, मग तो खड्डा मापाच्या वाळूने भरत बसला होता. ही डेन्सिटी टेस्ट असते, थर नीट दबला की नाही बघायची. तर काका त्याच्या डोक्यावर उभं राहून म्हणाले, वाळू कोरडी आहे का? पोरगं घाबरून म्हणालं, हो सर. काका कोण आहेत हे त्याने शेवटपर्यंत विचारलं नाही आणि काकांनीही सांगितलं नाही. त्या तुकड्याला अजून एक खड्डा नाही हे मात्र मान्य करावं लागेल. म्हणजे पडलेला नाही. खणलेले आहेत, कारण डांबर थंड होतंय तोवर केबलवाले आले, केबलवाले गेले तर गॅसवाले, त्यावर पॅचेस मारले गेले, ते सोडा.

प्रश्न साठ मीटरचा. ग्रुपवर रोज आबांचा उद्धार व्हायचा. आबा म्हणजे मेथीवाले, जागेचे मालक. विकासाच्या आड येणारा माणूस, हावरट, पॉलिटिकल सपोर्ट असणार, असं काय काय. कुणीतरी याच हायवेवरच्या चांदणी चौकाचं उदाहरण टाकलं, तिथे एवढं मोठं काम झालं आणि आमचे साठ मीटर होत नाहीत? आता चांदणी चौकातला जुना पूल 2022 च्या 2 ऑक्टोबरला मध्यरात्रीनंतर 600 किलो स्फोटकं लावून उडवला तेव्हा आम्हीही सगळे टीव्हीसमोर जागे होतो, काउंटडाउन, धडाम, धूर, आणि धूर बसला तर पुलाचा सांगाडा बराचसा जागेवरच, शेवटी पोकलेनवाल्यांनी बिचाऱ्यांनी ठोकून ठोकून काढला. पुढे 2023 च्या ऑगस्टमध्ये सगळा चौक खुला झाला. पण जमिनी ताब्यात येईपर्यंतच तिथेही वर्षं गेली होती, हे कुणाच्या लक्षात राहत नाही. काकांनी ग्रुपवर एकच ओळ लिहिली, "पुलाला स्फोटकं चालतात, म्हशीला चालत नाहीत."

मी आबांकडे दूध घ्यायला जाते. (रस्ता संपतो तिथे गाडी लावायची, उतारावरून साडी सांभाळत खाली. दूध चांगलं असतं.) एकदा विचारलंच, आबा, देऊन का टाकत नाही जागा? आबांनी बादली खाली ठेवली. म्हणाले, "मॅडम, द्यायला कुणाची ना हाय? पर ते म्हणत्यात टीडीआर घ्या. म्हंजी माझी जमीन रस्त्यात जाणार, तिचे मजले दुसऱ्याच कुणाच्या बिल्डिंगीवर चढणार, आन मी खाली उभा राहून वर बघणार. टीडीआर म्हशीला घालता येतो का?"

मग मी घरी येऊन जरा वाचलं. कागदावर हा रस्ता 12 मीटर रुंद, म्हणजे साठ मीटरला साधारण सात गुंठे. या सात गुंठ्यांच्या बदल्यात पालिका टीडीआर म्हणजे दुसरीकडे जास्तीचं बांधकाम करायचा हक्क देते, तो सर्टिफिकेटच्या रूपात असतो, तो बिल्डरला विकायचा आणि बिल्डर त्यावर जास्तीचं बांधकाम करतो. नाहीतर 2013 च्या भूसंपादन कायद्याने रोख मोबदला. हिशोब दोन्हीकडे साधारण दुप्पटीचाच येतो, फक्त एक दुप्पट बँकेत जमा होते आणि दुसरी फाइलीत. आबांचं म्हणणं रोख द्या, एका ऑफिसचं म्हणणं रोख द्यायला बजेट नाही, दुसऱ्या ऑफिसचं म्हणणं हायवे आमचा पण सर्व्हिस रोडची जागा तुम्ही आणून द्या. आणि या सगळ्यात गुन्हेगार कोण तर मेथी. मला विचाराल तर आबा शंभर टक्के बरोबर होते. माझा फ्लॅट घेऊन कुणी मला दुसऱ्याच्या गच्चीवर हवा विकायचा हक्क दिला तर मी काय पेढे वाटीन?

हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. दूध बंद झालं तरी चालेल पण ग्रुपमधून काढलं तर मेंटेनन्सचे मेसेज कळणार नाहीत.

तोपर्यंत त्या संपणाऱ्या रस्त्याचं एक वेगळंच गाव झालं. पुढे कुठेच जात नसल्यामुळे ट्रॅफिक शून्य, त्यामुळे सकाळी मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या एल लावलेल्या गाड्या, दुपारी झाडाखाली झोपलेले टँकरवाले, संध्याकाळी मोमोज, रसवंती आणि टेनिस बॉल क्रिकेट. मेथीत गेला की आऊट, म्हशीला लागला की मॅच रद्द. काकूंचा वॉकिंग ग्रुप तिथेच, तीन जोडप्यांचं प्री-वेडिंग शूट तिथेच, मागे हायवेचे दिवे ब्लर करून. सगळ्या पट्ट्यात एवढी चांगली मोकळी जागा दुसरी नाही. बागेसाठी आरक्षण असलेल्या प्लॉटवर सध्या भंगारवाला आहे.

मग अचानक बातमी आली, आबांचं जमलं. रोख का काय ते कळलं नाही, आबा नुसते हसले. ग्रुपवर टाळ्यांचे, फटाक्यांचे इमोजी, सेक्रेटरींनी "सर्व सदस्यांच्या अथक पाठपुराव्याला यश" असा मेसेज टाकला, काकांनी फूटपट्टी पुसून ठेवली. म्हणाले, आता मोजणी होईल, हद्दी फिक्स करून मगच पुढचं काम.

मोजणीवाले आले, तिपाईवर मशीन, एकजण नकाशा धरून, एकजण हातात लाल रंगाचा डबा. अख्खी सोसायटी बघायला. त्यांनी आबांच्या बांधावर खूण केली, पंक्चरच्या दुकानाच्या शेडवर खूण केली, म्हटलं चला, आता झालं. तर ते आमच्याकडे वळले. रस्ता 12 मीटर हवा ना, तर आमच्या गेटसमोर तो नऊच भरत होता. लाल रंगाचा डबा आमच्या कंपाउंड वॉलवरून आत आला, लॉनवर आला, गणपतीचा मांडव जिथे पडतो तिथे एक फुली, व्हिजिटर पार्किंगच्या मधोमध एक, आणि शेवटची फुली सेक्रेटरींच्या नव्या गाडीच्या टायरला अगदी चिकटून जमिनीवर. ब्रोशरमधली ती तुटक रेघ आमच्या लॉनखालून जात होती आणि बिल्डरने तिच्यावर कारपेट ग्रास लावून दिलं होतं.

त्या रात्री ग्रुप पहाटे तीनपर्यंत जागा होता. एवढी घाई काय आहे? नऊ मीटरमध्ये गाड्या जात नाहीत का? झाडांचं काय, पर्यावरणाचा विचार कोण करणार? सकाळी सेक्रेटरींनी तातडीची मीटिंग लावली, विषय एकच, "टीडीआर नको, रोख मोबदला कसा मिळवावा".

मीटिंगला जाताना गेटवर आबा भेटले, दुधाची किटली घेऊन. आतला आरडाओरडा ऐकत होते. म्हणाले, "मॅडम, माझा वकील लई भारी माणूस हाय. नंबर देऊ का?"