ढाक्याची तार आणि आमचा फॅमिली ग्रुप

दरवर्षी १६ डिसेंबरला आमच्या फॅमिली ग्रुपवर १९७१ च्या युद्धातले पाकिस्तानचे जनरल नियाझी शरणागतीच्या कागदावर सही करतानाचा फोटो येतो, यंदाही आला. मी त्याखाली, त्याच वर्षी ढाक्याहून आपल्याच सरकारवर टीका करणारी तार पाठवणाऱ्या आर्चर ब्लड या अमेरिकन अधिकाऱ्याबद्दल चार ओळी टाकल्या आणि शेवटी लिहिलं की सरकारी माणसाने ‘सरकार चुकतंय’ म्हणणं हा देशद्रोह नाही. झालं. मामांनी लगेच लिहिलं, "ज्याचं मीठ खायचं त्याच्याविरुद्ध लिहायचं नसतं, आणि तू तिकडे अमेरिकेत बसून आम्हाला शिकवू नकोस." मावसभाऊ उलट बाजूने, की बघा, अमेरिकेत हे चालतं, आपल्याकडे दुसऱ्या दिवशी बदली झाली असती.

मला दोघांचंही पटलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ब्लड १९४७ मध्ये परराष्ट्र सेवेत आले. ग्रीस, जर्मनी, अफगाणिस्तान अशा पोस्टिंग करत करत १९७० साली ढाक्याला, म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, कॉन्सुल जनरल (अमेरिकन वकिलातीचे तिथले प्रमुख) झाले. २५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल सुरू केली, विद्यापीठात विद्यार्थी आणि प्राध्यापक मारले, जुन्या ढाक्यातल्या हिंदू वस्त्या जाळल्या. ब्लड हे सगळं वॉशिंग्टनला कळवत राहिले, एका तारेचा मथळाच ‘निवडक वंशसंहार’ असा होता. वरून उत्तर नाही. कारण अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन आणि त्यांचे सल्लागार किसिंजर यांना पाकिस्तानचे लष्करशहा याह्या खान यांच्यामार्फत चीनशी गुपचूप संधान बांधायचं होतं, आणि त्यापुढे बंगाली माणसाच्या जिवाची काही किंमत नव्हती.

मग ६ एप्रिलला ती प्रसिद्ध तार गेली, २० अमेरिकनांच्या सह्यांची. आपल्या सरकारने लोकशाही दडपल्याचा निषेध केला नाही, अत्याचारांचा निषेध केला नाही, ही नैतिक दिवाळखोरी आहे, असं सरळ लिहिलेलं. मला सगळ्यात भिडतं ते हे की त्या सह्यांमध्ये ब्लड यांची सही नाही. त्यांनी खाली वेगळं टिपण जोडलं, की मला ही मतं मान्य आहेत पण मी इथला प्रमुख असेपर्यंत सही करणं योग्य वाटत नाही, आणि तार पाठवली. मामा, तुम्ही ज्याला सेवेची शिस्त म्हणता ती याहून वेगळी काय असते? पेपरला बातमी दिली नाही, भाषण ठोकलं नाही, ज्या सरकारची नोकरी त्याच सरकारला ठरलेल्या मार्गाने लिहून सांगितलं. तो मार्गही परराष्ट्र खात्यानेच नुकताच काढला होता, व्हिएतनामवरून आतच एवढी नाराजी होती म्हणून.

आता मावसभावाला. अरे, तिथेही बदलीच झाली! थोड्याच दिवसांत ब्लडना ढाक्याहून परत बोलावून पर्सोनेलच्या, म्हणजे कर्मचारी विभागाच्या, कामाला बसवलं. त्याच वर्षी त्यांना परराष्ट्र सेवेतलं, धाडसाने मतभेद मांडण्यासाठीचं हर्टर अवॉर्ड मिळालं, पुढे दिल्लीच्या दूतावासात दोन नंबरची जागाही मिळाली, पण राजदूत ते कधीच झाले नाहीत. २००४ साली कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सला वारले, आमच्या घरापासून तासाभरावर. आणि हे जुनंच आहे असंही नाही, २०१९ मध्ये युक्रेनमधून अमेरिकेच्या राजदूत मारी योव्हानोव्हिचना असंच मुदतीआधी बोलावून घेतलं. मी स्वतः इथे व्हिसावर आहे आणि ऑफिसमध्ये राजकारणावर तोंड उघडत नाही, ते काय उगाच? तेव्हा अमेरिकेत सगळं चालतं हे मला कुणी सांगू नये.

पण एक फरक मी मानते आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. ब्लडचं करिअर अडवलं तरी तो कागद राहिला. पुढे खुला झाला, आज ढाक्यातली किंवा पुण्यातली कुठलीही विद्यार्थिनी तो वाचू शकते, आणि त्याच ढाक्यात अमेरिकन सेंटरच्या लायब्ररीला २००५ मध्ये ब्लड यांचं नाव दिलं गेलं. आपल्याकडे चिंतामणराव देशमुखांनी १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडलं त्याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे, पण राजीनामा मंत्र्याला परवडतो. खुर्चीवर राहून ‘हे चुकतंय’ असं फाइलवर लिहिणाऱ्या डेस्कवरच्या माणसाचं काय? माहिती अधिकार महाराष्ट्राने केंद्राच्याही आधी आणला, पण अर्ज केला तरी जे फाइलमध्ये आहे तेच मिळणार ना.

हे सगळं ग्रुपवर टाकलं तर तिसऱ्या दिवशी मामांचा फोन आला, ग्रुपवर नाही, मला एकटीला. नोकरीत असताना एका जमिनीच्या प्रकरणात त्यांनी विरोधी टिप्पणी लिहिली होती म्हणे. वरून फाइल परत आली, बदलून द्या म्हणून.

"मग?"

"दिली बदलून. घरात तुझ्या मामेबहिणीचं लग्न ठरलं होतं."

मी विचारलं, पहिली टिप्पणी कुठे आहे?

"फाडली," मामा म्हणाले. "पण काय लिहिलं होतं ते अजून पाठ आहे." आणि त्यांनी ती मला फोनवर म्हणून दाखवली, अगदी तारखेसकट.