कलम १८१ आणि त्याला लागून असलेले कलम १८२

माझ्याकडे मोजक्या कंपन्यांचे थोडेफार शेअर आहेत आणि त्यांचे वार्षिक अहवाल शेवटच्या पानापर्यंत वाचण्याची एक निरुपयोगी सवयही आहे. निवडणूक रोख्यांच्या, म्हणजे देणगीदाराचे नाव जाहीर न होता पक्षांना पैसे देता येणाऱ्या रोख्यांच्या, काळातल्या अशाच एका अहवालात, अध्यक्षांचे हसरे छायाचित्र आणि वृक्षारोपणाची रंगीत पाने मागे टाकल्यावर, बारीक अक्षरांतल्या ‘इतर खर्च’ या तक्त्यात प्रवासखर्च आणि लेखापरीक्षकांचे शुल्क यांच्यामध्ये एक ओळ दिसली : राजकीय देणगी. पुढे रक्कम होती, पक्षाचे नाव नव्हते.

नाव नसणे तेव्हा कायद्याला धरूनच होते. कंपनी कायदा, २०१३ मध्ये आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा होती आणि पक्षाचे नाव नफा-तोटा पत्रकात सांगावे लागत असे. २०१७ च्या वित्त अधिनियमाने या दोन्ही अटी काढल्या. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने रोख्यांबरोबर हे बदलही रद्द केले. त्यानंतर चर्चा झाली ती कोणी किती कोटींचे रोखे घेतले याची, आणि ती व्हायलाच हवी होती. माझा आक्षेप मात्र त्याच्या एक पायरी आधीचा आहे : हे पैसे द्यायचे की नाही, हे कोणी ठरवले?

याच कायद्याचे कलम १८१ सांगते की धर्मादाय कामासाठी सरासरी नफ्याच्या पाच टक्क्यांहून अधिक रक्कम द्यायची असेल, तर सर्वसाधारण सभेत भागधारकांची पूर्वपरवानगी घ्यावी. लगेच पुढच्या कलम १८२ नुसार राजकीय देणगीसाठी, थेट साडेसात टक्क्यांपर्यंत, संचालक मंडळाचा ठराव पुरेसा आहे. म्हणजे अनाथाश्रमाला सढळ हाताने द्यायचे तर मालकांना विचारा, पक्षाला द्यायचे तर विचारण्याचे कारण नाही. शिवाय हे मालक म्हणजे केवळ शेअर बाजारात रमणारी मंडळी नव्हेत. ज्यांनी आयुष्यात एकही शेअर घेतला नाही, अशा कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीचा काही भागही ईटीएफमार्फत, म्हणजे अनेक कंपन्यांचे शेअर एकत्र घेणाऱ्या फंडांमार्फत, मोठ्या कंपन्यांत गुंतलेला असतो, आणि त्यांतला प्रत्येक जण वेगळ्या पक्षाला मत देत असू शकतो.

हा प्रश्न जुनाच आहे. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने राजकीय देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रात, म्हणजे कंपनीची उद्दिष्टे सांगणाऱ्या मूळ दस्तऐवजात, बदल करायचे ठरवले, तेव्हा एक भागधारक न्यायालयात गेला. १९५७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला, कारण कायद्यात मनाई नव्हती. पण मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी त्याच निकालात, हा पैसा उद्या लोकशाहीचा गळा आवळू शकतो, असा इशारा संसदेला देऊन ठेवला. पुढे १९६९ मध्ये सरसकट बंदी आली, देणग्यांनी पक्षांच्या स्मरणिकांतल्या जाहिरातींचे रूप घेतले आणि १९८५ मध्ये बंदी उठली. त्यामुळे बंदी हा उपाय मला पटत नाही. ब्रिटनमध्ये २००० च्या कायद्यापासून ठरावीक रकमेपुढच्या राजकीय देणगीसाठी भागधारकांची आगाऊ संमती लागते आणि तेथील कंपन्या त्यामुळे बुडालेल्या नाहीत.

त्या ओळीबद्दल मी वार्षिक सभेपूर्वी कंपनी सचिवांना लेखी विचारले होते. आठवडाभराने ईमेलवर एका वाक्याचे उत्तर आले : सदर देणगी संचालक मंडळाच्या ठरावानुसार देण्यात आली आहे.